सहा तास, एकच थांबा

३ नोव्हेंबर

लेकीचा फोन आला. डॉक्टरांनी आज तिला बाळंतपणाची तारीख दिली, फेब्रुवारीची अखेर. "आई, तू थोडी आधीच ये, आणि बाबांनाही घेऊन ये. त्यांनी माझं घर अजून पाहिलेलं नाही," म्हणाली. मी "येऊ की" म्हटलं आणि फोन यांच्या हातात दिला. हे म्हणाले, "तुझ्या आईला पाठवतो. मी घर सांभाळतो." पलीकडे ती गप्प झाली, ते मला इथपर्यंत ऐकू आलं.

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "घराला काय पाय फुटलेत, सांभाळायला?" हे पेपरात डोकं घालून बसले. घर घेताना जावयांनी यांचा सल्ला विचारला नाही, तो राग अजून धरून बसलेत असं दिसतं. रिटायर झाल्यापासून माणूस फार हट्टी झाला आहे.

पण खरं लिहायचं तर मीही लगेच प्रवासाचे तास मोजले. तिच्या गावाला बस सहा तास घेते आणि मध्ये एकदाच थांबते. ही वही कुणी वाचत नाही म्हणून लिहिते. मला हल्ली सहा तास सोडा, भाजीबाजारातून घरी येईपर्यंत धीर निघत नाही. रस्ताभर काही होत नाही. दाराशी येऊन कुलपात किल्ली घातली की आतून कुणी धक्का मारावा तशी कळ येते. कधी पोचते, कधी नाही. शिंक आली, हसू आलं, तर तेवढ्यानंही कपडे ओले. लाज वाटते लिहायला. पण देवा, तुझ्यापासून काय लपलं आहे?

९ नोव्हेंबर

रविवारच्या प्रार्थनेला आजही मागे, दाराजवळ बसले. पूर्वी पहिल्या ओळीत बसून पहिलं कडवं मीच म्हणायची. आता घसा बसतो असं सांगून सोडून दिलं. कडवं उंच स्वरात म्हणताना पोटावर जोर येतो आणि मग भलतंच. अशा कपड्यांनी देवासमोर बसू तरी कशी? घरीसुद्धा दोनदा आंघोळ करून मगच दिवा लावते.

उपाय म्हणून पाणी पिणं कमी केलं आहे. आत गेलंच नाही तर बाहेर काय येणार, हा साधा हिशेब. तरी कळ येतेच. हिशेब कुठे चुकतो ते कळत नाही.

१७ नोव्हेंबर

यांच्याशी नळावरून वाजलं. हे बाथरूममध्ये गेले की नळ सोडून ठेवतात. दहा दहा मिनिटं बादलीत धार चालू. मी बाहेरून ओरडले, "अहो, आत काय समुद्र आणून ठेवलाय?" बाहेर आले ते घामेजलेले. म्हणाले, "माणसाला दोन मिनिटं शांतपणे बसूही देऊ नकोस." मी म्हटलं, "बसा की, पण कोरडे बसा."

दुसरं एक खूळ. मी बाजारातून यायच्या वेळेला दार सताड उघडं टाकतात. आजही तसंच. चोर शिरला तर? विचारलं तर म्हणाले, "हवा येते." कडाक्याच्या थंडीत यांना हवा हवी!

२२ नोव्हेंबर

आज झाकली मूठ उघडी पडली.

वरच्या मजल्यावरच्या शिवणवालीकडे सुती चिंध्या मागायला गेले. घडी करून आत ठेवायला बऱ्या पडतात. विकतच्या पट्ट्या घ्यायला दुकानदारासमोर तोंड उघडायचं कोण? तिनं विचारलं, "परवाच तर गाठोडं नेलंस. पुसतेस तरी काय एवढं?" मी म्हटलं, "फरशी." तिनं मशीन थांबवलं. मग म्हणाली, "माझीपण फरशी दोन वर्षं अशीच ओली होती."

आधी काही कळलं नाही. कळलं तेव्हा मी तिच्या चिंध्यांच्या गाठोड्यावरच बसले. नंतर आम्ही दोघी इतक्या हसलो की दोघींनाही उठून पळावं लागलं. तिच्याकडे एकच संडास. ती म्हणाली, "तू आधी जा, मी आता बरी आहे." आणि खरंच थांबली! मी बाहेर येईपर्यंत शांत उभी. हे पाहून मला जितकं नवल वाटलं तितकं कशाचंच वाटलं नव्हतं.

बुधवारी मला तिच्या दवाखान्यात नेणार आहे. तिथे फक्त बायकांनाच तपासतात म्हणे.

२६ नोव्हेंबर

नर्सबाई जाडजूड, आवाज मोठा, पण मनानं बरी. आधी लघवी तपासली. त्यात दोष नाही, साखरही नाही. मग समोर बसवून प्रश्न.

"पाणी किती पिता?"

"लागेल तेवढं."

"म्हणजे?"

"दोन-तीन फुलपात्रं."

"दिवसाला? बाई, कुंडीतल्या रोपालाही याहून जास्त लागतं."

मग तिनं समजावलं. पाणी कमी प्यायलं की लघवी घट्ट होते, ती मूत्राशयाला झोंबते, आणि मग ते थोडंसं भरलं तरी आरडाओरडा करतं. मी ज्याला उपाय समजत होते तो निम्मा आजारच होता. पुढे विचारलं, "घरातून निघताना गरज नसली तरी जाऊन येता?" मी म्हटलं, "दोनदा जाते. देव न करो, वाटेत…" ती म्हणाली, "तेच ते. लाडावलेलं पोर आहे ते. हाक मारायच्या आधी तुम्ही धावत जाता, मग ते उठसूट हाका मारायला शिकतं."

लाडावलेल्या पोराची गोष्ट मला लगेच पटली.

एक व्यायामही सांगितला. लघवी मध्येच अडवायची झाली तर जे आतले स्नायू आवळू ते आवळायचे, धरायचे, सैल सोडायचे. पण लघवी करताना हे करून बघत बसायचं नाही, आणि श्वास कोंडायचा नाही. आठवड्यात गुण येत नाही, महिने लागतात. कळ आली की पळायचं नाही. आहे तिथे उभं राहायचं, आवळायचं, मन दुसरीकडे न्यायचं, कळ ओसरली की सावकाश चालत जायचं. चहा कमी. आणि तीन दिवस, किती प्यायले, किती झाली, कधी कळ आली, ते मोजून कागदावर टिपून आणायचं.

निघताना मी हळूच विचारलं, "असं असताना प्रार्थनेला बसलं तर चालतं का?" नर्सबाई म्हणाली, "मी डॉक्टर नाही आणि पुजारीही नाही. पण सर्दी झालेली माणसं बसतातच ना?"

घरी येताना यावर विचार करत आले. किल्ली काढेपर्यंत मन त्यातच होतं, आणि आज दारात काही झालं नाही. हे तेव्हा लक्षातही आलं नाही, आता लिहिताना आलं.

२९ नोव्हेंबर

मोजायला जुनं प्लॅस्टिकचं मापाचं भांडं बाथरूममध्ये ठेवलं. सकाळी हे बाहेर आले ते ते भांडं हातात धरून. तोंड लालबुंद.

"हे कुणी ठेवलं?"

"मी."

"कशाला?"

म्हटलं, "मोजायला लागतं."

"कुणाचं?"

"आता… ज्याचं मोजायचं त्याचं."

भांडं जागेवर ठेवून निघून गेले. रात्री जेवताना घास हातात धरून म्हणाले, "कुणी सांगितलं तुला?"

"नर्सबाईंनी."

"त्यांना काय माहीत?"

"त्यांना सगळं माहीत असतं. तोंड बघून ओळखतात."

घास ताटात ठेवून उठले. मी माझं दुखणं घेऊन दवाखान्यात गेले याचा एवढा राग? सगळं आयुष्य यांच्याबरोबर काढलं, आणि दवाखान्यात जायला मी यांची परवानगी मागायची?

३० नोव्हेंबर

सकाळी चहा ठेवत होते तर मागे येऊन उभे राहिले आणि गंभीर आवाजात म्हणाले, "एक स्पष्ट सांगतो. मी कुठेही दाखवायला येणार नाही."

मी म्हटलं, "तुम्हाला बोलावलंय कुणी? बायकांचा दवाखाना आहे तो."

"म्हणजे फक्त बायकांचा?" असं परत विचारलं. मग कप घेतला, चहा प्यायले, पेपर वाचता वाचता चक्क शीळ घातली. यांचं काही कळत नाही.

१२ डिसेंबर

व्यायाम नेमानं चालू आहे. सुरुवातीला जपमाळ हातात घेऊन करायची, एक मणी एक आवळणं. सोपं जायचं. मग मनात आलं, देवाच्या नावाचा हा उपयोग बरा नव्हे. आता माळ खाली ठेवते, नमस्कार करते, आणि त्याच आसनावर बसून बोटांवर मोजते. पाणी वेळच्या वेळी पिते. पहिले काही दिवस धावपळ वाढली, तेव्हा नर्सबाईला मनात बोल लावले. आता जरा बसतंय.

आज बाजारातून आले तर नेमकं दार लागलेलं, आणि दारात कळ आली. मी किल्ली हातात धरून, डोळे मिटून, नाम घेत उभी राहिले. एवढ्यात आतून दार उघडलं. हे म्हणाले, "काय, दाराची पूजा चाललीय?"

मी डोळे न उघडता म्हटलं, "एक मिनिट थांबा, बोलू नका." आणि हे काही न विचारता बाजूला सरून उभे राहिले. कळ ओसरली, मी चालत गेले. पळाले नाही! आल्यावर बघते तर माझी भाजीची पिशवी यांनी आत नेऊन ठेवली होती.

२८ डिसेंबर

प्रार्थनेला आज दुसऱ्या ओळीत बसले. कडवं मात्र अजून म्हटलं नाही.

यांचे जुने सोबती हॉलबाहेर भेटले. बसस्थानकाच्या तिकीट खिडकीत हे बसायचे तेव्हाचे. म्हणाले, "वहिनी, साहेब पत्त्यांना येईनासे झाले. रुसलेत का आमच्यावर?" मी काय सांगणार? फिरायलासुद्धा हल्ली बागेपर्यंतच जातात, बागेतल्या त्या सार्वजनिक मुतारीच्या समोरच्या बाकावर बसतात. एवढी छान छान बाकं सोडून तिथेच. वासानं माझं तर डोकं उठतं. लेकीवरच्या रागानं माणूस सगळ्यांपासूनच तुटत चालला आहे.

११ जानेवारी

पहिलं कडवं मी म्हटलं. शेवटच्या उंच सुराला जरा भीती वाटली. आवळून धरलं, सूर लावला, दोन्ही टिकले. घरी येऊन नमस्कार करताना डोळ्यांत पाणी आलं. देवा, तुझ्याकडे फार काही मागत नाही. सहा तास दे. एवढे सहा तास मला निभावू दे, म्हणजे लेकीचं पहिलं बाळ माझ्या हातात येईल.

१८ जानेवारी

लेक फोनवर रडली. "आई, बाबांना माझं काय चुकलं ते तरी सांगू दे." मी फोन ठेवून सरळ यांच्यासमोर जाऊन बसले.

"पोरीवर एवढा राग?"

"राग नाही गं."

"मग जावयांवर?"

"त्यांच्यावर कशाला? चांगला मुलगा आहे."

"मग अडलंय कुठे?"

"सहा तास…" म्हणाले आणि थांबले.

"सहा तास काय?"

"कंबर. कंबर धरते."

यांची कंबर मी चांगली ओळखते. गेल्या महिन्यात गॅसचं सिलिंडर एकट्यानं सरकवलं. मी म्हटलं, "ठीक आहे. मी एकटी जाते." हे म्हणाले, "तुला जमेल?" एवढं हळू विचारलं की मला राग धरता येईना. काय जमेल, ते मीही विचारलं नाही.

२३ जानेवारी

यांना सर्दी. नाक चोंदलं, डोकं जड. मागच्या थंडीत माझ्यासाठी आणलेल्या सर्दीच्या गोळ्या डब्यात होत्या, जवळजवळ पाकीटभर. मुदत बघितली, उरली होती. वाया कशाला घालवायच्या? दुपारी एक दिली, रात्री एक. नाक मोकळं झालं. म्हणाले, "गुणी गोळी आहे."

२६ जानेवारी

दोन दिवस लिहायला झालं नाही. सगळं नीट आठवून लिहिते.

शनिवारी सकाळीही मी यांना गोळी दिली. हे अस्वस्थ. बसले की उठायचे, उठले की येरझारा. सारखे बाथरूममध्ये, आणि नळाची धार चालू. नाश्ता नको म्हणाले. विचारलं तर "पोट जड आहे." मला वाटलं, औषधाची उष्णता. नर्सबाईचं पाणी माझ्या डोक्यात बसलेलं. एकामागून एक तीन ग्लास समोर ठेवले. हे नको नको म्हणत होते आणि मी, "अहो, पाण्यासारखं औषध नाही" म्हणून उभी राहून पाजत होते.

दुपारपर्यंत यांचा चेहरा राखेसारखा झाला. पलंगाची कड धरून वाकून बसले. मी पोटाला हात लावला तर बेंबीच्या खाली दगडासारखं टणक, वर आलेलं. हात लावताच हे कळवळले. मला वाटलं, पोटात काही फुटलं. वर हाक मारली, शिवणवाली धावत आली, तिनं टॅक्सी आणली.

इस्पितळात तरुण डॉक्टरीणबाई. यांनी तिलाही तेच सांगितलं, पोट दुखतंय. तिनं पोट चाचपलं आणि विचारलं, "काका, लघवी शेवटची कधी झाली?"

हे छताकडे बघू लागले. मी म्हटलं, "अहो, सांगा ना!"

"काल संध्याकाळी," हे पुटपुटले. "तीसुद्धा थेंब थेंब."

"त्याआधी? धार बारीक, उभं राहिलं तरी सुरू व्हायला वेळ, रात्री चार वेळा उठणं?"

"हो."

"किती दिवस?"

यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. "दोन वर्षं झाली असतील."

मी तिथे उभी होते आणि कानांवर विश्वास बसत नव्हता. दोन वर्षं!

"कुठलं औषध घेतलंय का?" मी पिशवीतून गोळ्यांचं पाकीट काढून दिलं. डॉक्टरीणबाईंनी वाचून मान हलवली. म्हणाल्या, पुरुषांना मूत्राशयाखाली एक ग्रंथी असते, वयाबरोबर ती वाढते आणि वाट अरुंद करते. अशा माणसाला सर्दीच्या काही गोळ्या चालत नाहीत. त्या गोळ्यांनी ती अरुंद वाटही आवळून बंद होते. "दार आधीच अर्धं लागलेलं होतं, गोळीनं कडी घातली. आणि वर पाणी."

वर पाणी मी पाजलं होतं.

नळी घालताना मला बाहेर थांबायला सांगितलं. मी भिंतीला टेकून नाम घेत होते. आतून यांचा आवाज आला, "आई गं…" आणि मग एक मोठा श्वास, असा की तो मलाच सुटल्यासारखा वाटला. आत गेले तर नळीला लावलेली पिशवी भरत आली होती. लिटरभराहून जास्त. ही एवढी वेदना हा माणूस तोंड दाबून सोसत होता, आणि मी समोर ग्लास धरून उभी होते.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. मी माझं दुखणं घेऊन दवाखाना गाठला आणि घरात नळ का वाहतो ते विचारलं नाही. ओरडले फक्त.

२७ जानेवारी

इस्पितळात यांच्याजवळ बसले होते. रंग परत आला आहे. नळी आठवडाभर ठेवायची, रोज एक गोळी, मग नळी काढून बघायचं. आपली आपण झाली तर ठीक, नाही तर ऑपरेशनचं बघावं लागेल.

मी विचारलं, "मला का नाही सांगितलंत?"

"काय सांगायचं? तीस वर्षं खिडकीत बसलो. रांग असेपर्यंत कधी उठलो नाही. लोक म्हणायचे, साहेबांची खिडकी कधी बंद नसते. आणि आता बसच्या पुढच्या थांब्यापर्यंत दम धरवत नाही, हे तुला सांगू?"

"बायकोला नाही सांगायचं तर कुणाला?"

"तू तरी कुठे सांगितलंस?"

मी म्हटलं, "तुम्हाला ठाऊक होतं?"

"एका घरात राहतो आपण. किल्ली लावताना तुझी काय घाई व्हायची ते दिसायचं मला. म्हणून तर तुझ्या यायच्या वेळेला दार उघडं ठेवायचो."

मी पदरानं डोळे पुसले. नर्सनं पडदा सरकवला होता म्हणून बरं. म्हटलं, "आणि मी चोर चोर म्हणून भांडले."

"ते भांडं बघितलं तेव्हा मला वाटलं माझंच बिंग फुटलं," हे म्हणाले. "त्या रात्री जेवण गेलं नाही." मला हसू फुटलं, यांनाही. हसताना नळी दुखते म्हणून हे म्हणाले, "पुरे, पुरे, नर्सला बोलावशील."

३० जानेवारी

घरी आणलं. शिवणवालीनं यांच्या सैल पँटला आतून एक खिसा शिवून दिला, पिशवी त्यात बसते. हे तिच्यासमोर मान वर करेनात. ती म्हणाली, "भावजी, लाजताय काय? या बिल्डिंगमध्ये कोरडं असं कोण उरलंय?"

लेकीला मी सगळं सांगितलं. यांना न विचारता. राग येईल तर येऊ दे. ती ऐकून घेऊन एवढंच म्हणाली, "म्हणजे बाबा माझ्यावर रागावले नव्हते?" आणि पुन्हा रडली, पण या वेळचं रडणं वेगळं होतं.

डब्यातल्या जुन्या गोळ्या सगळ्या काढून औषधाच्या दुकानात परत देऊन आले. टाकून देण्यासाठी का होईना, दुकानदारानं ठेवून घेतल्या.

३ फेब्रुवारी

आज नळी काढली. मग इस्पितळाच्या बाकावर बसून पाणी पीत वाट बघायची. बेताबेतानं, ढोसायचं नाही, असं नर्सनं माझ्याकडे बघून सांगितलं. बहुतेक माझी कीर्ती पोचली आहे.

हे घाबरलेले. ऑपरेशन लागलं तर महिना त्यातच जाणार, आणि लेकीचे दिवस भरत आलेले. मी नाम घेत होते. एका बाजूला नाम आणि दुसऱ्या बाजूला यांच्या गुडघ्यावर हात. दुपारी एकदा जाऊन आले, हात हलवतच आले. मी म्हटलं, "घाई नाही. कळ आली तर जा, नाही तर गप्पा मारू." आणि तिकीट खिडकीच्या गोष्टी काढायला लावल्या. एका म्हातारीनं बोकडाचं अर्धं तिकीट मागितलं होतं, ती गोष्ट शंभरदा ऐकलेली आहे. आज एकशेएकाव्यांदा ऐकली. बोकड बसमध्ये चढण्याच्या जागी आले आणि हे एकदम उठले.

बराच वेळ गेला. मला बाहेरून विचारायचंही धाडस होईना. मग दार उघडलं. यांनी मापाचं भांडं असं धरलं होतं जसं कुणी बक्षीस धरतं. नर्सनं मोजलं, पोटावर यंत्र फिरवून आत किती उरलं ते बघितलं, आणि "छान" म्हणाली.

यांनी विचारलेला पहिला प्रश्न: "बसचा प्रवास चालेल का?"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आठवडाभर बघा, त्रास नसला तर चालेल. गोळी रोज, सर्दीचं काहीही विचारल्याशिवाय नाही, आणि दोन तासांवर लघवी कोंडायची नाही. बस थांबवा.

"बस थांबवा," हे परत येताना वाटेत म्हणाले. "तिला काय माहीत बस थांबवणं म्हणजे काय असतं."

११ फेब्रुवारी, लेकीच्या घरी

काल पोचलो.

मी सकाळी ठरल्याप्रमाणे पाणी प्यायले, निघताना एकदाच गेले. यांनी मागच्या सीटचं आरक्षण रद्द करून ड्रायव्हरच्या मागची घेतली, खिडकीकडे मी, वाटेकडे हे. दीड-दोन तास ठीक गेले. मग मला दिसलं, यांची बोटं गुडघ्यावर वाजायला लागली. नेहमीचा थांबा अजून बराच लांब होता.

"सांगा त्याला," मी म्हटलं.

"थोडं जाऊ दे."

"डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या?"

"अगं, भरलेली बस आहे. तीस वर्षं मी लोकांना सांगत आलो, मधे थांबत नाही, आधीच उरकून या."

"मग मी सांगते. मलाही जायचंय."

मला तशी मोठी घाई नव्हती. देव मला या खोट्याची माफी देईल. पण यांनी माझ्याकडे पाहिलं, दांडी धरून उठले, आणि तिकीट खिडकीतून गर्दीला ऐकू जावं असा जो यांचा आवाज होता, त्या आवाजात म्हणाले, "ड्रायव्हरसाहेब, पुढे पेट्रोलपंप आला की गाडी घ्या बाजूला. आम्हा दोघांना लघवीला जायचंय."

मागे एक पोरगी फिसकन हसली. ड्रायव्हर आरशात बघून म्हणाला, "काका, उशीर होईल." हे म्हणाले, "झाला तर होऊ दे. कारण विचारलं कुणी तर माझं नाव सांग."

पंपावर गाडी थांबली. आम्ही उतरलो, आणि मागे बघते तर उतरणाऱ्यांची रांग लागलेली. टाय लावलेला एक माणूस तर आमच्या पुढे धावत गेला. दोन म्हाताऱ्या, पोर कडेवर घेतलेली एक बाई, आणि ती हसलेली पोरगीसुद्धा. ड्रायव्हर सगळ्यांत शेवटी परत आला, पँट सावरत. बसताना यांच्याकडे न बघता म्हणाला, "बरं झालं बोललात."

उरलेला प्रवास हे इतके गप्पिष्ट झाले की बोकडाची गोष्ट टायवाल्यालाही सांगितली.

लेकीनं दार उघडलं. पोट एवढं पुढे, चेहरा गोल झालेला. "बाबा, खरंच आलात!" म्हणाली. यांनी हातातली बॅग खाली ठेवली, दोन्ही हात पुढे केले. ती मिठी मारायला आली, अर्ध्यावर थबकली, पोटाखाली हात धरला आणि "थांबा हं, आलेच, आलेच" करत आत पळाली. बाथरूमचं दार धाडकन लागलं.

आम्ही दोघं उंबऱ्यात सामान घेऊन उभे.

आतून ती ओरडली, "सॉरी बाबा! या दिवसांत दर अर्ध्या तासाला धावावं लागतं. तुम्हाला नाही कळायचं!"

यांनी माझ्याकडे पाहिलं, मी यांच्याकडे. जावई पाण्याचे ग्लास घेऊन आले तर आम्ही दोघं बॅगांवर बसून हसत होतो, आणि कुणालाच काही सांगता येत नव्हतं.